हात कानांवरून खाली आले

माझी मुलगी माही शाळेत जायला लागली आणि देवावरचा माझा विश्वास डळमळायला लागला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण तेव्हा माझी अवस्था तशीच होती. सानगडीच्या आमच्या घरात ती शांत असायची. तांदळाच्या पिपात कोपरापर्यंत हात घालून आपल्याच नादात बसायची. शाळेत मात्र वर्गात गलका झाला की बेंचाखाली शिरून दोन्ही कान गच्च दाबायची. गणवेशाची कॉलर मानेला लागली की ओरबाडून काढायची. खिचडीचा वास आला तरी तिला मळमळायचं. मॅडम वाईट नव्हत्या, पण एवढ्या मुलांत त्या एकट्या काय काय पाहणार? "हट्टी आहे तुमची मुलगी," त्या म्हणायच्या. सासूबाई म्हणायच्या, "नजर लागली पोरीले." शेवटी शाळेतून सांगणं आलं, काही दिवस तिला घरीच ठेवा. मी देवासमोर बसून रोज एकच 'का' विचारायची, काहून? आमच्याच लेकराला काहून?

त्याच दिवसांत मी माहीला घेऊन कारध्याला बहिणीकडे गेले. सोमवार होता. संध्याकाळी बहिणीनेच नदीकाठच्या महादेवाच्या देवळात पाठवलं. वाटेत माझं मागणं ठरलेलं होतं : देवा, हिला बाकीच्या मुलांसारखी कर. आम्ही पोहोचलो तेव्हा आरती सुरू होत होती. तिथे विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र आहे. ते दणाणायला लागलं आणि माही पायरीवरच बसली. कान दाबून किंचाळायला लागली. लोक वळून पाहू लागले. मला शरमेने काही सुचेना. तिचा दंड धरून मी तिला ओढू लागले.

आणि लाइन गेली.

यंत्र बंद पडलं, पंखे थांबले. पुजारी थांबले नाहीत. समईच्या उजेडात ते एकटेच आरती म्हणत राहिले, लोकांनी हलक्या टाळ्यांनी साथ दिली. माहीचे हात कानांवरून खाली आले. ती उठली, आपल्याच पायांनी पायऱ्या चढली आणि नंदीच्या थंड दगडी पाठीवर गाल टेकून उभी राहिली.

मी तिला तिथून ओढून गाभाऱ्याकडे नेणार, तेवढ्यात शेजारच्या बाईने माझा हात धरला. दिघोरीची होती, लेकीला भेटायला कारध्याला आलेली.

"तिले ओढू नोका बाई," ती म्हणाली. "माहा पोरगाही असाच होता. लोक वेडा म्हणत. वेडा नव्हता. त्याले सगळंच जास्त लागे. आवाज जास्त, वास जास्त, अंगावरचा कपडा जास्त."

"मग काय केलं तुम्ही?"

"आधी मारलं," ती म्हणाली. "मंग इचारलं."

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात अशा मुलांना तपासतात, हेही तिनेच सांगितलं. आरती संपली आणि ती गर्दीत निघून गेली. नाव विचारायचंही राहून गेलं. मी मात्र नंदीपाशी गेले आणि माहीला पहिल्यांदाच विचारलं, "काय झालं होतं बेटा?"

"ते वाजते ना, ते दातात जाते," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता देव हळू बोलून राहिला."

पुढे आम्ही भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात गेलो. तिला तपासणाऱ्या मॅडमनी समजावलं की आवाज, स्पर्श, वास तिच्यापर्यंत आपल्यापेक्षा फार जोरात पोहोचतात. त्यात हट्ट नाही. खांदे कसे दाबून द्यायचे, अंगावर जड गोधडी केव्हा घालायची, हे शिकवलं. आम्ही ते शाळेत जाऊन सांगितलं, तेव्हा वर्गाच्या मॅडमनी तिला परत घेऊन खिडकीजवळ बसवलं, घंटा व्हायच्या आधी खूण करायला लागल्या, फार झालं तर व्हरांड्यात जायची मोकळीक दिली. सगळं सुरळीत झालं असं नाही. स्नेहसंमेलनात लाउडस्पीकर लागला तेव्हा तिचे बाबा तिला उचलूनच घरी घेऊन आले होते.

पण माझ्यातलं 'काहून' बदललं. मला तिच्याबद्दल कुतूहल वाटू लागलं. कोणता कपडा टोचतो, कोणता आवाज गोड लागतो, हे मी विचारत असते. एका दुपारी तिच्या शेजारी डोळे मिटून पडले, तर घरातली ट्यूबलाइट बारीक गुणगुणताना ऐकू आली. इतकी वर्षं ती माझ्या डोक्यावर वाजत होती!

त्या संध्याकाळी वीज महादेवाने घालवली की कुठे तारेवर फांदी पडली, मला ठाऊक नाही. वीज जाणं आमच्याकडे नवलाचं नाही. मी एवढंच जाणते की मी मुलगी बदलून मागायला निघाले होते आणि मागणं तोंडून निघायच्या आत कुणीतरी माझा हात धरला. शरण जाणं म्हणजे मागून मोकळं होणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, ओटीत जे लेकरू आलंय, ते आहे तसं ओळखत राहणं हीच माझी पूजा.

परवा शेजारची मुलगी दारातून ओरडली, "माही, खेळाले चाल!" मी त्या मुलीला आवरायला उठले. पण माहीच पुढे झाली. "हळू बोल," ती म्हणाली, "मंग मी येतो."

"किती हळू?"

माहीने तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं. ती मुलगी तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "चाल ना मंग."

दोघी कुजबुजत अंगणात गेल्या. मी दारातच हात जोडले.