सोळावी पाचर

गल्लीत त्याला सगळे खटपट्या म्हणत. धंद्याने शिंपी, पण जीव सगळा गाडीत. सतरा वर्षांची जुनी गाडी त्याने कधी गॅरेजवाल्याच्या हाती दिली नाही आणि तिच्यासाठी लागणारी खास हत्यारं कधी विकत आणली नाहीत. हत्यार अडलं की घरातली एखादी वस्तू नाहीशी व्हायची, हा बायकोचा अनुभव. तिच्या पडद्याची सळई एकदा इंजिनाच्या कामाला गेली, ती परत आलीच नाही.

दोन वर्षांपूर्वी बायकोची मूत्रपिंडं थकली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तिला शहरात डायलिसिसला न्यावं लागे. दीड तासाची वाट, त्यात लांबलचक उतार, एका अंगाला खोल नदी. एक खेप चुकली की तिचे पाय सुजत आणि तिला धाप लागे. समोरचा दूधवाला रोज पहाटे टेम्पो घेऊन शहरात जाई, पण त्याच्या टेम्पोला खटपट्याने इतकी वर्षं नावं ठेवली होती, की आता कुठल्या तोंडाने जागा मागणार? म्हणून गाडी निळा धूर सोडू लागली, तेव्हा थांबून चालणार नव्हतं.

शनिवारी दुपारी त्याने इंजिन उघडलं. झडपांची तेल अडवणारी रबरं बदलायची होती. त्यासाठी झडपेवरची स्प्रिंग काढावी लागते आणि स्प्रिंग काढली की झडप खाली सिलिंडरमध्ये पडते. गॅरेजवाले आत हवा भरून ती वर धरतात. याने प्लगच्या भोकातून दुकानातली जाड सुती नाडी आत कोंबली, इंजिन हाताने फिरवून ती पिस्टनने दाबली आणि झडपांना खालून टेकू दिला.

"नाडी ओवण्यात आपला हात कोण धरणार!" तो स्वतःशीच म्हणाला.

स्प्रिंग दाबायला त्याने पाईपचा तुकडा घेतला होता आणि आतलं काढता यावं म्हणून त्याला खिडकी पाडली होती. स्प्रिंगला झडपेशी अडकवून ठेवणाऱ्या, एकेका झडपेला दोन, अशा आठ झडपांच्या सोळा पाचरी. डाळीच्या दाण्याएवढ्या त्या पाचरी तो टाचण्या गोळा करायच्या लोहचुंबकाने उचलत होता. शेवटच्या झडपेवर पाईप निसटला. स्प्रिंग उसळली, एक पाचर पत्र्यावर टणकन आपटली आणि दाराबाहेरच्या वाहत्या गटारात गेली. कोपरापर्यंत हात घालून त्याने गाळ उपसला. व्यर्थ. नवी पाचर मागवली तर यायला आठ दिवस, आणि डायलिसिस सोमवारी.

मग त्याने आयुष्यभर केलं तेच केलं. रविवारी कानशीने बोल्ट घासघासून पाचर बनवली. बसली. इंजिन सुरू झालं, धूर थांबला.

आणि तो घाबरला. हत्यार मोडलं तर काम थांबतं, एवढंच. ही पाचर मात्र आत राहणार होती. बोल्टचं लोखंड मऊ. ती झिजून सुटली तर झडप थेट पिस्टनवर पडणार, आणि भर उतारावर इंजिन जागच्या जागी जाम होणार. पुढे वळण, खाली नदी. तीनदा गाडी सुरू करून त्याने कान लावला. आवाज झकास होता; पाचर सुटेपर्यंत तो झकासच राहणार, म्हणून तो आणखीच भ्याला.

"झाली का हो गाडी?" बायकोने विचारलं.

"झाली की."

सोमवारी पहाटे तिने पिशवी मांडीवर घेतली, पट्टा लावला आणि डोळे मिटले. डायलिसिसच्या खुर्चीत ती टक्क जागी असायची, नळ्यांवरची नजर हलवायची नाही. शांत झोप तिला लागे ती फक्त या गाडीत, हा चालवत असताना.

त्याला किल्ली फिरवण्याचा धीर होईना.

"अगं, ऊठ. आतला एक तुकडा हरवला. मी घरी घासून बसवलाय. टिकेल की नाही, मला माहीत नाही."

"कधी हरवला?"

"शनिवारी."

"आणि काल मी विचारलं तेव्हा?"

समोर दूधवाल्याचा टेम्पो निघाला होता. तिने पट्टा सोडला.

"बसलाय काय? पळा, थांबवा त्याला!"

तो पळाला. दूधवाल्याने जुनं काही न काढता तिला पुढे बसवलं, त्याला मागे दुधाच्या कॅनांच्या मधे. वेळेत पोचले.

आठवड्याने खरी पाचर आली, त्याने ती बसवली आणि तिला दाखवलीही. गाडी आता सुरेख चालते. ती त्याच्या शेजारी बसते, पट्टा लावते आणि शहर येईपर्यंत टक्क जागी असते.