तांबड्या धाग्याचं काज

"घ्या तुमचा कोट! आणि ते मी लावलेलं बटणही उसवून घ्या. नको मला काही."

"अहो भाऊ, आधी आत तरी या. दारातून ओरडताय, जिन्यातली माणसं थांबून बघताहेत."

"बघू दे की! आज सगळ्यांनीच बघितलंय मला. अगदी गोल फिरवून फिरवून बघितलंय."

"नोकरीचं काय झालं तेवढं सांगा."

"मिळाली."

"मिळाली? मग तोंड असं का करून आलात?"

"मला नाही मिळाली, मावशी. कोटाला मिळाली."

मी मशीनवर होते. पायडलवरचा माझा पाय आपोआप थांबला. मावशीच्या हातातला खडू कापडावर टेकला आणि तिथंच राहिला. तिनं कोटाकडे बघितलं, म्हणजे थेट उजव्या बाहीकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

आलेला माणूस छापखान्यात कामाला होता. छापखाना बंद पडला त्याला बरेच महिने झाले होते, पण नखांतली शाई अजून पुरती गेली नव्हती. मोठ्या ऑफिसच्या दारावर, आल्यागेल्याची चौकशी करून आत सोडायचं काम निघालं होतं. तिथं उभं राहायचं तर अंगावर कोट हवा. मागच्या आठवड्यात मावशीनं त्यांना तो दिला होता. दिला म्हणजे, 'दिला' हा शब्द आमच्या दुकानात उच्चारायची बंदी होती.

"झालं काय नेमकं?" मावशी म्हणाली. "बसा. पाणी घ्या."

"पाणी नको." पण कोट टेबलावर टाकून ते बसले. "टेबलापलीकडे तिघं जण. मधोमध एक बाई, त्याच सगळ्यांच्या वरच्या. मी कागद पुढे केले, तशी बाही पुढे आली. बाई म्हणाल्या, थांबा, हात बघू. मला वाटलं नखं बघताहेत. मी बोटं मुठीत घेतली, तर त्यांनी बाहीच धरली. म्हणाल्या, अगंबाई, हा तर ह्यांचा कोट!"

मावशी खाली बसली.

"मग टेबलाला वळसा घालून आल्या. उभे राहा, फिरा बघू, म्हणाल्या. मी फिरलो. काय करू, फिरलो! शेजारच्या खोलीतून माणसं बोलावली. बघा, साहेबांचा कोट कसा चपखल बसलाय यांना! डोळ्यांत पाणी बाईंच्या. कुणी माझी बाही चाचपतंय, कुणी म्हणतंय, साहेबांची आठवण आली हो. आणि मी मधोमध, दुकानातल्या लाकडी बाहुल्यासारखा."

"बाईंच्या मनात वाईट नसेल हो काही."

"नव्हतंच! तेच तर! वाईट असतं तर भांडलो असतो. चांगुलपणाशी कसं भांडायचं, सांगा मला. कागद उघडलेसुद्धा नाहीत त्यांनी. उद्यापासून या, म्हणाल्या. आणि हा कोट घालूनच या हं! रोज, मावशी! रोज मी त्यांच्या नवऱ्याचा कोट घालून त्यांच्या दारात उभं राहायचं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं म्हणायचं, तो बघ, साहेबांचा कोट!"

हे बोलताना त्यांनी बाईंचा आवाज इतका हुबेहूब काढला की एरवी आम्ही हसलो असतो.

माझ्या मावशीला सगळे काजमावशी म्हणतात. कोटाची, सदऱ्याची काजं ती हातानं करते, आणि असं काज करणारं आता कुणी उरलं नाही. काज म्हणजे बटणाचं भोक, एवढंच लोकांना ठाऊक. पण कापडाला चीर द्यायची, तिच्या कडेनं एकेक टाका गाठ मारत, एकाला एक चिकटवून न्यायचा, आणि पुन्हा ते असं दिसलं पाहिजे की इथं कुणी काही केलंच नाही. तरुणपणी तिचा नवरा गेला. वारला नाही, गेला. "वारला असता तर चार लोक समाचाराला तरी आले असते," असं ती स्वतःच हसून सांगते. पदरात लेक. शहरातल्या नावाजलेल्या शिंप्याकडे तिला काम मिळालं, ते मागच्या खोलीत. पुढं आरसे, काच, शिंप्याच्या नावाची पाटी. मागं पडदा, आणि पडद्यामागं मावशी. दिवसभर काजं करायची आणि दुकान बंद झालं की कापड बेतायच्या त्याच टेबलावर लेकीला कुशीत घेऊन झोपायची. लेक झोपेत टाचण्यांवर लोळू नये म्हणून आधी टेबल तळहातानं पुसून घ्यायची. गिऱ्हाइकं काजांची तारीफ करायची तेव्हा शिंपी मान तुकवायचा. मावशी पडद्यामागं ऐकायची. कधी रडत असेल का? विचारलं तर म्हणते, "डोळ्यांतून पाणी यायचं, पण ते बारीक कामानं."

शिंपी थकला, दुकान उठलं, जाताना त्यानं तिला इस्त्री आणि मोठी कात्री दिली. त्यावर तिनं जिन्याच्या टोकाची ही खोली घेतली. खोली कसली, टेबल आणि दोन मशिनी ठेवल्यावर माणसानं अंग चोरूनच वावरायचं. टेबलाखाली मात्र एक मोठी पत्र्याची पेटी. लोक नको झालेले कपडे तिच्याकडे आणून टाकायचे, आणि ज्याच्यावर वेळ आलीय असा कुणी ना कुणी जिना चढून यायचा. काम गेलेला, घर जळालेला, दवाखान्यातून सुटून थेट आलेला. दारात उभा राहून म्हणायचा, "इकडून चाललोच होतो." जिना आमच्याच दारात संपतो, त्यामुळे इकडून कुणी कुठंही जाऊ शकत नाही. पण मावशी म्हणायची, "बरं झालं आलात. एका गिऱ्हाइकानं कपडा शिवून घेतला आणि न्यायला आलाच नाही मेला. तुमच्या मापाचा दिसतोय. घालून बघता का?"

तो न आलेला मेला गिऱ्हाईक कुणाच्याही मापाचा निघायचा. खोटं आहे हे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि मशीनवर बसलेल्या मला तर ठाऊक होतंच. आम्ही सगळे अगदी गंभीर चेहऱ्यानं ते खरं मानायचो. शेवटचं बटण मात्र मावशी लावायची नाही. सुईदोरा त्या माणसाच्याच हातात द्यायची. "एवढं तुम्ही करा. माझे हात भरून आलेत." बटण लावून झालं की कपडा त्याचा.

आणि एक नियम होता. देणाऱ्याला आपला कपडा ओळखू येता कामा नये. सगळी बटणं बदलायची, कॉलर उलटवायची, खिसे हलवायचे, वेळ पडली तर रंगवायचं. एकदा एका बाईंच्या जाड पट्ट्यापट्ट्यांच्या गाऊनमधून तिनं एका पोराला कोट बेतला होता, आणि त्याच बाई रस्त्यात त्या पोराला थांबवून म्हणाल्या होत्या, "किती छान कापड रे, कुठं मिळालं?" त्या दिवशी मावशी दिवसभर शीळ घालत होती. बायकामाणसानं शीळ घालावी का, यावर खालच्या चहावाल्यानं तिला टोमणा मारला, तर त्यालाही एक शीळ ऐकवली.

पण या कोटाचं तसं झालं नव्हतं. त्याच ऑफिसच्या बाईंनी नवरा वारल्यावर तो आणून दिला तेव्हा मावशीनं तो बराच वेळ मांडीवर धरून ठेवला. मग मला बाहीचं शेवटचं काज दाखवलं. बाकी सगळी काजं काळ्या धाग्याची, हे एकच तांबड्या रेशमाचं. साहेबांनीच हौसेनं तसं मागितलं होतं. ऐन तारुण्यात, त्या पडद्यामागं बसून तिनंच ते केलं होतं. "बघ की," ती म्हणाली, "एक टाका हललाय का?" हललेला नव्हता. तिनं पातं घेतलं, बाहीला लावलं, आणि पुन्हा डबीत टाकलं. अस्तर बदललं, पुढची बटणं बदलली, खिशांची झाकणं काढली. बाहीला हात लावला नाही.

"तुम्हीच म्हणाला होतात," ते आता म्हणत होते, आवाज उतरला होता. "बटण लावताना मी विचारलं होतं, मावशी, कुणी ओळखणार तर नाही ना? तुम्ही म्हणालात, ज्यानं शिवला तोसुद्धा ओळखणार नाही."

"म्हणाले होते."

"मग?"

"बाईंनी कशावरून ओळखला?"

"त्या तांबड्या काजावरून. म्हणाल्या, शेवटी शेवटी ह्यांचे हात थरथरायचे, रोज सकाळी हे बटण मीच लावायचे."

मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डोळे गेले हो माझे," ती म्हणाली. "सुटलं असेल नजरेतून. तुम्ही कुठल्या ऑफिसात जाताय तेही मी विचारलं नाही."

ते ऐकून त्यांचा चेहरा सैल पडला. "असू दे," ते म्हणाले. "तुम्ही तरी काय काय बघणार! एवढ्या लोकांचं करता. मीच उगीच तोंडाला येईल ते बोललो. चुकलं माझं."

मला वाटलं, मिटलं. मी पायडलवर पाय ठेवला. आणि मावशीच्या कानशिलापर्यंत लाली चढत गेली. अख्ख्या आयुष्यात तिला इतकं ओशाळलेलं मी पाहिलं नव्हतं.

"सुटलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ते काज नजरेतून सुटलं नाही. मी ठेवलं."

"ठेवलं म्हणजे?"

"माझ्या हातचं आहे ते. पातं लावलं होतं, मन झालं नाही. वाटलं, राहू दे एवढं. पेटीत पडून कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर राहील, कुणीतरी बघेल, म्हणेल, काय सुंदर काज आहे!"

खाली चहावाल्याच्या कपबशा वाजत होत्या.

"म्हणजे तुमचं काज मिरवायला मी?" ते म्हणाले. आवाज चढलाच नाही, तेच जास्त लागलं. "मी इथं सुईत दोरा ओवत बसलो होतो. मला वाटलं, हे माझं. पहिल्यांदा वाटलं, इतक्या महिन्यांत."

"चुकलं माझं. फार चुकलं."

"मी घरी गेलो नाही अजून. सरळ इकडं आलो. बायको दारात उभी असेल. पोरीला सांगून ठेवलंय तिनं, बाबा आज चांगली बातमी आणणार. काय सांगू? मिळाली म्हणून सांगू? मिळाली म्हटलं की उद्या जावं लागेल."

"जा की."

"तुम्ही म्हणा जा. तुम्हाला नाही गोल फिरवलं कुणी."

मावशी उठली. टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली. तिनं जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, माझ्या आईनंही ऐकलं नसावं, आणि ती तर तिची सख्खी बहीण.

"फिरवलंय," ती म्हणाली. "माझी आई ज्यांच्या घरी भांडी घासायची त्यांच्या मुलीचा जुना फ्रॉक मला मिळाला होता. मला इतका आवडायचा! वर्गात ती मुलगी माझ्या मागं येऊन उभी राहिली, आणि फ्रॉकची खालची दुमड उलटून सगळ्यांना दाखवायला लागली. हा बघा माझा शाईचा डाग! माझाय हा फ्रॉक! रागानं नाही हो. आनंदानं. हरवलेली वस्तू सापडल्यासारखी. सगळ्या मुली डाग बघायला आल्या. मी उभी."

"मग?"

"मग पोट दुखतंय म्हणाले आणि घरी आले."

"दुसऱ्या दिवशी?"

मावशीची नजर जमिनीवर, चिंध्यांवर.

"दुसऱ्या दिवशीही दुखलं. मग दुखतच राहिलं. नाही गेले मी परत. कधीच नाही. त्या पोरीला तर आठवड्यात आठवणही राहिली नसेल. आणि मी आजही अक्षर जुळवत जुळवत वाचते, भाऊ. पाटी वाचून होईस्तोवर बस निघून जाते. शिंप्यानं पुढं बसवलं नाही मला, ते काय उगीच? पावती लिहिता यायची नाही. लाजेपायी अख्खं शिक्षण टाकलं मी, आणि लोकांना सांगत आले की पोट दुखत होतं."

बसल्या जागी त्यांनी स्वतःची बोटं उलगडली आणि नखांकडे बघत राहिले.

"कोट नका घालू," मावशी म्हणाली. "नुसत्या सदऱ्यावर जा. बाईंना सांगा, उसवायला दिलाय. मी दुसरा शिवते. नवा, कापड आणून. माझं नाव सांगा, माझ्यावर घाला सगळं. मीच येऊन सांगते हवं तर, त्या सगळ्यांसमोर उभी राहून. पण जा. काम तुम्हाला जमेल, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग ते कुणाला दिलं, तुम्हाला की कोटाला, जाऊ द्या ते. एकदा पाऊल मागं घेतलं की मग..." तिनं खडू उचलला, पुन्हा खाली ठेवला. "उद्या जाल ना?"

ते उठले. कोट टेबलावर तसाच होता, बाही कडेवरून लोंबत. त्यांनी ती बाही उचलून नीट कोटावर ठेवली. माझ्याकडे बघितलं, पण मी त्यांना दिसलेच नसेन.

"भाऊ, उद्या जाल ना?"

ते अंग चोरून माझ्या मशीनमागून गेले, दारात वाकून चपला घातल्या, आणि जिना उतरायला लागले.