वळणावरची तुटक रेषा

ओर्मोन रस्त्यावर रेषा मारायचा. सुसामिरच्या खोऱ्यात कित्येक उन्हाळे त्याने हेच केलं, आणि रंगाची गाडी मी चालवत होतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. कमरेत वाकलेला, भुवयांवर पांढरा रंग, बोलणं जेमतेम. मेंढपाळ त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणत आणि येता-जाता चिडवायचे, "काय ओर्मोन बाइके, घोड्यांसाठी मारताय का रेषा? माणसं तर बघत नाहीत!" तो नुसता हसायचा. पण काम चोख. रंग ओला असतानाच वर काचेची बारीक भुकटी टाकायचा, म्हणजे गाडीच्या उजेडात रेषा चमकते. "धुक्यात ड्रायव्हरला दुसरं दिसतं काय रे?" म्हणायचा.

घाटाखाली एक वळण आहे, तिथे समोरून येणारी गाडी दिसत नाही. म्हणून मधली रेषा अखंड. ती ओलांडायची नाही, पुढच्या गाडीला मागे टाकायचं नाही. नेमका तिथेच ओर्मोनच्या थोरल्या बहिणीचा, झूराचा तंबू. उन्हाळाभर ती घोडीचं आंबवलेलं दूध विकायची.

एका सकाळी ती तरातरा आमच्याकडे आली.

"घाटातून उतरणाऱ्यांना माझ्याकडे वळताच येत नाही. रेषा ओलांडली की पुढे पोलीस धरतो. दूध काय ओढ्यात ओतू? एवढ्या तुकड्यात तुटक मार."

"एजे, तुटक मारली तर लोक तिथेच ओव्हरटेक करतील."

"करणारे आत्ताही करतात! तुझ्या रंगाला विचारतो कोण? आई गेल्यावर तुला या हातांनी भरवलं, ते यासाठी?"

आमच्यात थोरल्या बहिणीपुढे, एजेपुढे, मान वर करत नाहीत. मीही आगाऊपणे म्हणालो, "मारून टाका बाइके, कोण बघतंय!" ओर्मोनने तेवढा तुकडा तुटक मारला.

झूराच्या दारात गाड्यांची रांग लागली. आम्हालाही ती वाडगे भरभरून पाजायची. मला ते दूध गोड लागायचं, खोटं कशाला बोलू. ओर्मोन मात्र वाडगा घ्यायचा नाही. पोट बरं नाही म्हणायचा.

उन्हाळा संपता संपता धुकं उतरलं. गवताच्या ट्रकमागे एक गुरांचा डॉक्टर बायकोला घेऊन घाटाकडे निघाला होता. वळणावर त्याने ट्रकला मागे टाकायला गाडी बाहेर काढली आणि समोरून कोळशाचा ट्रक आला. डॉक्टर जागीच गेला. बायको वाचली. आम्हाला रस्त्यावर वाळू टाकायला बोलावलं, तेव्हा पोलीस रेषेकडे बोट दाखवून सांगत होता, "मेलेल्याची चूक नाही. इथे परवानगी आहे."

ओर्मोन वाळू टाकत राहिला.

पुढच्या वर्षी बर्फ वितळल्यावर त्याने सगळ्यात आधी ते वळण घेतलं आणि रेषा अखंड केली. झूरा धावत आली. "माझं दार बंद केलंस!"

"हो, एजे."

"मग आजपासून मला भाऊ नाही."

तेवढ्यात एक गाडी कडेला थांबली. काठी टेकत एक बाई उतरली. शुक्रवार होता, गेलेल्यांच्या नावाने बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळून वाटायचा दिवस. तिच्या फडक्यात ते अजून गरम होते. नवी रेषा बघून ती थबकली.

"बरं केलंत," म्हणाली. "माझ्या नवऱ्याला सगळे हसायचे. रस्ता मोकळा असला तरी ते अखंड रेषा ओलांडायचे नाहीत. त्या दिवशी मी म्हटलं, थांबा, काही दिसत नाही. तर म्हणाले, तुटक आहे गं, मारणाऱ्याने बघूनच मारली असेल."

झूराने नजर रेषेवरून वळवली. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाईने ओर्मोनच्या रंगाने माखलेल्या हातावर बोरसोक ठेवला. "खा, भाऊ. त्यांच्या नावाचा आहे. अल्ला तुमच्या हातांना बरकत देवो."

मेलेल्याच्या नावाचं अन्न नाकारता येत नाही. ओर्मोनने तो खाल्ला. ती बघत होती म्हणून तिने पुढे केलेला दुसराही घेतला.