बायकांकडचा कॅमेरा

राजिवड्याच्या झरीन होडेकरला कशाची भीती वाटते असं कोणी विचारलं, तर ती म्हणायची, "पालीची." साफ खोटं! पाल दिसली की ती चपलेने हाणायची. तिला भीती होती ती स्वतःच्या कॅमेऱ्याची, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. ज्याच्यावर पोट चालतं त्यालाच घाबरते म्हटल्यावर कामाला बोलावणार कोण?

झालं होतं असं. गुहागरच्या एका लग्नात ऐन रुखसतीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती, आणि झरीनचा कॅमेरा 'खट्' करून बसला. पडदा काळा. तिने बॅटरी काढली, घातली, फुंकर मारली, या अल्ला म्हटलं, सगळं करून झालं. मेला जागा होईपर्यंत नवरी गाडीत बसून गेलीसुद्धा. नवरीची आई बिचारी एक शब्द बोलली नाही. पण तेव्हापासून कुठल्याही लग्नाला निघताना झरीनचे हात गार पडायचे. भर मे महिन्यात!

आता कोणी म्हणेल, त्यात काय, दुसरा फोटोग्राफर असेलच की शेजारी. तेच तर! तिच्या कामात दुसरा कोणी नसतोच. आमच्या किनाऱ्याकडच्या पुष्कळ मुसलमान घरांत लग्नाला फोटो काढणारे दोन लागतात. मांडवात, पुरुषांकडे, कोणीही चालतो. आत, बायकांकडे, बाईच हवी. आत बुरखे खुंटीला लागलेले असतात, केस मोकळे असतात, आजीपासून नातीपर्यंत सगळ्या नाचत असतात. ते फोटो घरच्यांनी घरात बसून बघायचे. म्हणून झरीनने स्वतःला एक रीत घालून घेतली होती. काम संपलं की सगळ्यांदेखत कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, नवरीच्या आईच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "तुमची अमानत तुमच्याकडे. माझ्याकडे एकही नाही." अल्बमसुद्धा ती त्यांच्याच घरी लॅपटॉप घेऊन बसून करायची, आणि त्या लॅपटॉपला इंटरनेटचं वारंदेखील लागू दिलं नव्हतं तिने. तिच्यापेक्षा चांगले फोटो काढणाऱ्या बायका होत्या की जिल्ह्यात. पण लोक बोलवायचे झरीनला, या एका वाक्यासाठी.

तर मारुती मंदिराकडे निलेशचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मुलगा चांगला, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याने खुर्ची घेऊन बसावं.

"भाभी, येत्या शुक्रवारी नव्या कॅमेऱ्याचं लाँच! अख्ख्या जिल्ह्यात पहिला पीस तुमच्या नावाने ठेवतो. अंधारातसुद्धा डोळा पकडतो. नवरी मान हलवू दे, नाचू दे, फोकस सुटायचा नाही. नंतर याल तर महिनोन्महिने मिळायचा नाही हां."

"आणि बंद पडला तर?"

"नवाकोरा कॅमेरा बंद कशाला पडेल?"

"नव्याचं कोणी काय सांगावं? आधी कोणी वापरून तरी बघितलाय?"

झरीनचा नवरा अली जहाजावर असतो. तो फोनवर म्हणाला, "घेऊन टाक गो, किती तो विचार!" जहाजावर बसून सांगायला काय जातंय? तिची अवस्था म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जुना ठेवावा तर ऐन वेळी मान टाकेल ही धास्ती. नवा घ्यावा तर ज्याचं बटनसुद्धा ओळखीचं नाही, असलं यंत्र घेऊन लोकांच्या आतल्या खोलीत शिरायचं. जेवताना ती घास हातात धरून बसून राहायची.

शेवटी निलेशनेच तोड काढली. लाँचच्या आधी दुकानात एक डेमोचा पीस आला होता. "हा लग्नाला घेऊन जा. पटला तर शुक्रवारी घ्या, नाही तर राम राम." त्याने तिच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचं अ‍ॅप टाकून दिलं, दोन-चार ठिकाणी बोट लावलं. "काढलेला फोटो लगेच फोनवर येईल, नवरीला दाखवता येईल. अकाउंट सध्या दुकानाचंच आहे, डेमोपुरतं." झरीनने 'डेमोपुरतं' तेवढं ऐकलं आणि मान डोलावली. शहाणी बाई, पण तिथे चुकली.

लग्न केळशीला होतं. सकिनाखालाच्या मुलीचं, तहेसीनचं. खाला म्हणजे मावशी, नात्याची नव्हे, पण झरीनने तिच्या दोन भाच्यांच्या लग्नांचे फोटो काढलेले, तेव्हापासूनची खाला. आदल्या दिवशी दुपारी मेंदी होती. नवरीचा भाऊ फैझान दुबईहून आलेला. तिकडच्या नातेवाइकांना निकाह दिसावा म्हणून त्याने घरात वायफाय बसवून घेतलं होतं आणि पासवर्ड येईल त्याला सांगत सुटला होता. झरीननेही तो फोनमध्ये घातला. अलीला 'पोचले' म्हणून कळवायचं होतं, दुसरं काही नाही.

आणि कॅमेरा? काय सांगू! सोनं होता सोनं. मेंदीचे हात, हसताना मिटलेले डोळे, ओढणीची किनार, जे बघेल ते पकडत होता. कितीतरी महिन्यांनी झरीनचे हात गरम होते. नवरीची धाकटी बहीण रिफत दापोलीला कॉलेजात जाते. फोनवरदेखील स्वतःचा फोटो न ठेवणारी मुलगी. आज बहिणीसाठी केस मोकळे सोडून अशी नाचली, अशी नाचली की तिच्या म्हाताऱ्या आत्याने, फुफीनेसुद्धा, उठून गिरकी घेतली. दम खायला थांबली तेव्हा रिफतने झरीनला विचारलं, "आपा, हे कुठे बाहेर जाणार नाही ना?"

"माझ्याकडून आजवर एक तरी गेलाय का?" झरीन म्हणाली. म्हणाली ती अगदी मनापासून.

जेवणं चालू असताना फोन वाजला. निलेशचा निरोप. 'भाभी, कलर एक नंबर! दुकानातल्या टीव्हीवर लावलेत. गिऱ्हाईकं हलायला तयार नाहीत. मोकळ्या केसांचा तर पोस्टर करू लाँचला.' खाली त्याने टीव्हीचाच फोटो काढून पाठवला होता. भिंतीएवढ्या टीव्हीवर रिफत नाचत होती, आणि टीव्हीसमोर तीन पुरुषांची डोकी पाठमोरी दिसत होती.

झरीन तशीच उष्ट्या हाताने मागच्या दाराने विहिरीकडे गेली आणि डाव्या हाताने फोन लावला.

"टीव्ही बंद कर."

"काय झालं भाभी?"

"निलेश, तुझ्या पाया पडते, आधी टीव्ही बंद कर!"

त्याने केला. मग तिने सांगितलं, तुटक तुटक, काय झालंय ते. निलेश काही वाईट मुलगा नव्हता. त्याला वाटलं होतं, भाभींनी मुद्दामच पाठवलेत दुकानाला दाखवायला. पाठवले होते ते अ‍ॅपनेच, वायफाय मिळालं तसे फोनवरून एकेक करून दुकानाच्या अकाउंटवर. "आईशप्पथ भाभी, मला ठाऊकच नव्हतं. थांबा, सगळं डिलीट करतो. … केलं बघा. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा काढलं."

"समोर होते ते कोण?"

"आले होते बघायला. दोघं ओळखीचे, एक कोण ते माहीत नाही."

"कोणी फोनमध्ये घेतला का?"

"माझं लक्ष नव्हतं हो."

"पण आता गेलं ना सगळं? परत कुठून निघणार नाही?"

"गेलं असेल की."

असेल! ती विहिरीच्या कठड्यावर बसली. अ‍ॅप काढलं, वायफाय काढलं, फोन बंद केला, तरी गळ्यातला कॅमेरा जिवंत असल्यासारखा वाटत होता. आतून हसण्याचे आवाज येत होते. कोणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि झरीनने तोंड उघडलं नाही तर कधी कळणारही नव्हतं. केळशी कुठे, निलेशचं दुकान कुठे! निलेश तर स्वतःच घाबरलेला, तो कशाला बोलेल? गप्प बसलं की झालं. आणि बोललं तर? उद्या केळशी, परवा अख्खा किनारा. झरीनच्या कॅमेऱ्यातून बायका बाजारात गेल्या म्हणतील, आणि खरंच म्हणतील. मग दारात कोण उभं करणार तिला? विहिरीवर हात धुतले, तोंड धुतलं, परत धुतलं.

मेंदी आटोपली. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. सकिनाखालाने रीतीप्रमाणे हात पुढे केला. झरीनने कार्ड काढलं, तिच्या तळव्यावर ठेवलं.

"तुमची अमानत तुमच्याकडे," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य काही केल्या येईना. सकिनाखाला वाट बघत होती.

"खाला, जरा आत येता? एकटीला सांगायचंय."

आतल्या खोलीत तिने सांगून टाकलं. सगळं, टीव्हीसकट. सकिनाखाला ऐकत होती आणि कार्ड मुठीत आवळत होती.

"मला एकटीला काय सांगतेस?" ती म्हणाली. "फोटोत मी एकटी होते काय? चल बाहेर. त्यांना सांग."

"खाला, नको. मी मरेन."

"नाही मरत. चल."

भरल्या घरात उभं राहून झरीनने पुन्हा सांगितलं. आवाज इतका बारीक होता की मागच्या बायकांना ऐकू जाईना, तर सकिनाखाला म्हणाली, "मोठ्याने." म्हाताऱ्या फुफीने विचारलं, "मी पण होते काय गो टीव्हीत?" एरवी घर हसलं असतं.

रिफत पुढे आली. "माझा होता?"

"होता."

"दाखव."

झरीनने फोन चालू करून निरोप दाखवला. रिफतने बराच वेळ बघितलं. टीव्हीकडे नव्हे, त्या तीन डोक्यांकडे. "हे कोण?"

"दोघं निलेशच्या ओळखीचे. तिसरा माहीत नाही."

रिफतने केस गोळा करून घट्ट बांधले, ओढणी घेतली आणि माडीवर निघून गेली. कोणी तिला हाक मारली नाही. सकिनाखाला झरीनला म्हणाली, "उद्या निकाह आहे, आता दुसरी कुठून आणू? तू ये. पण ते यंत्र माझ्या उंबऱ्याच्या आत नको."

दुसऱ्या दिवशी झरीनने पिशवीच्या तळातून जुना कॅमेरा बाहेर काढला. हात बर्फ झाले होते. दर फोटोला वाटायचं, आता बसला, आता बसला. एकदा बसलाही, पण रुखसती तेवढी निभावली. बायका तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. तिला पाणी कोणी विचारलं नाही, ते तिने स्वतः जाऊन घेतलं.

शुक्रवारी निलेशचा फोन आला. डेमोचा कॅमेरा तिने केव्हाच परत दिला होता. "भाभी, पहिला पीस खोललेला नाही अजून. अहो, एक सेटिंग बंद ठेवली की झालं! मी स्वतः बंद करून देतो."

"तेच रे," झरीन म्हणाली. "बंद आहे की चालू, ते मला बाहेरून दिसत नाही. माझ्या जुन्याचं तसं नाही. तो मेला की सगळ्यांना दिसतं. मला नको."

मग अल्बम करायला ती केळशीला गेली. सकिनाखालाने कार्ड आणून दिलं आणि शेजारी बसली. निकाहच्या दिवशीचा घरातल्या सगळ्या बायकांचा मिळून फोटो होता, नवरी मधोमध. चांगले चार-पाच काढले होते. सकिनाखालाने चष्मा पुसला, एकेक फोटो पुढे-मागे करून बघितला. कोणाचेही डोळे मिटलेले नव्हते. पण नवरी एकाही फोटोत समोर बघत नव्हती. नजर जराशी वर, कॅमेऱ्याच्या पलीकडे, आणि डोळे भरलेले.

"ही बघते कुठे?" सकिनाखालाने विचारलं.

झरीनला उत्तर ठाऊक होतं. त्या दिवशी मान न वळवताही तिला ते ठाऊक होतं.

"माझ्या मागे, खाला," ती म्हणाली. "रिफत माझ्या पाठीमागे उभी होती."