तेल घातलेल्या वेण्या

त्या रात्री माझ्या मदतीला धावून आल्या त्या उल्हासनगरच्या एक सिंधी अम्मा आणि त्यांचे घोरणारे यजमान. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सांगताना मला रडू येईल आणि त्यांचं राहून जाईल.

माझी मुलगी आठ वर्षांची. वर्षभरापासून झोपेत तिचे डोळे वर जायचे, ओठ चुपचुप हलायचे, एक हात आखडायचा. मी तिला उचलून छातीशी घट्ट धरायची. मिनिटभरात थांबायचं. सकाळी तिला काही आठवत नसे. डॉक्टर म्हणाले, हे झोपेतच बघावं लागेल. एक रात्र दवाखान्यात डोक्याला वायरी लावून झोपवू, मगच औषध ठरेल. तारीख मिळायला दीड महिना लागला.

मी परभणीकडची, सहावीतून शाळा सुटलेली. लग्न करून पालेगावला आले. इथे ना आई, ना बहीण. नवऱ्याची अंबरनाथच्या कंपनीत रात्रपाळी, म्हणून मी एकटीच मुलीला घेऊन निघाले. चार माणसांत जायचं, तर आई मला घालायची तसं तिला चांगलं तेल चोपडलं आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. दवाखान्याने दिलेला कागद आधार कार्डासोबत पिशवीत जपून ठेवला होता. तो इंग्रजीत होता.

दवाखान्यात मशीनवाल्या मॅडमनी मुलीच्या डोक्याला हात लावला आणि बोटं कापसाला पुसली.

"अहो ताई, हे काय? कागदावर लिहिलंय ना, शाम्पू करून या, तेल नको. वायरी चिकटणार कशा?"

"विसरले," मी म्हणाले. इंग्रजी वाचता येत नाही म्हणायला जीभ वळेना.

"दहाच्या आत केस स्वच्छ आणि कोरडे पाहिजेत. नाहीतर दुसरी तारीख घ्या."

नऊ वाजून गेले होते. पुन्हा दीड महिना! मला रडूच कोसळलं.

शेजारच्या खोलीत अम्मांच्या यजमानांची घोरण्याची तपासणी होती. सगळं ऐकून अम्मा आमच्या दारात आल्या. मुलीची वेणी हातात धरून म्हणाल्या, "अरे बाबा, इतना तेल? यात तर आमची पूरी गल्ली पकोडे तळून खाईल!" मुलगी खुदकन हसली. मला कुठलं हसू! "रोती क्यों है बेटा? केसच आहेत. धुतले की झालं. चल."

शाम्पू त्यांच्याच पिशवीतला. बेसिनवर मुलीला वाकवून आम्ही तीनदा केस धुतले. पण वाळवायचे कसे? भिंतीवर हात वाळवायचं गरम हवेचं मशीन होतं. अम्मांनी मुलीचं डोकं सरळ त्याच्याखाली धरलं. ते घडीघडी बंद पडायचं, मग अम्मा आपला हात पुढे करून सुरू करायच्या.

"मम्मी, कान भाजतायत!"

"भाजू दे, नवीन आणून देते," अम्मा म्हणाल्या.

मी केस झटकत होते आणि घड्याळ बघत होते.

दहाला पाच कमी असताना मॅडमनी केसांत बोटं फिरवली. मग वायरी लावायला घेतल्या. लावता लावता पुढच्या सूचनाही भरभर सांगितल्या. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

अम्मांनी हळूच विचारलं, "वो कागज पढा नहीं ना?" मी मान खाली घातली. "मलापण येत नाही. हमारे ये हैं ना!"

यजमानांच्या नाकात नळी, गालावर पट्ट्या. तसेच चष्मा लावून त्यांनी कागदाची एकेक ओळ हिंदीत समजावली. झटका आला की बटण दाबायचं. चादर काढायची. मुलीला उचलायचं नाही, मिठी मारायची नाही. वर कॅमेरा आहे, त्याला तिचे हातपाय दिसले पाहिजेत.

"अब बोलके दिखा," अम्मा म्हणाल्या. मी धड्यासारखं म्हणून दाखवलं. "शाबास! आता जाते. आज मशीन को भी पता चलेगा, मैं चालीस साल से क्या सुन रही हूँ."

मी बटण मुठीत धरून खुर्चीत बसले. झटका येऊ नये म्हणून देवाला विनवत होते, आणि आजच यावा, नाहीतर सगळं वाया, असंही मागत होते. आईने असं मागावं का? लाज वाटत होती, तरी मागत होते.

साडेतीनच्या सुमारास तिचे ओठ हलले. माझे हात आपसूक पुढे गेले. वर्षभराची सवय. तेवढ्यात भान आलं. बटण दाबलं, चादर ओढली आणि हात मागे धरून उभी राहिले. माझ्या लेकराचा हात आखडत होता आणि मी नुसती बघत होते. एक मिनिट इतकं लांब असतं हे मला ठाऊक नव्हतं.

सकाळी मॅडम म्हणाल्या, "सगळं स्पष्ट आलंय, ताई." त्यावरून डॉक्टरांनी गोळी ठरवली. तीन आठवडे झाले, दोनदाच आलं. तरी मी रात्री दचकून उठते आणि तिच्या ओठांकडे बघत बसते.

शेजारची खोली पहाटेच रिकामी झाली होती. त्यांचे आभार मानायचेही राहिले. घर उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात आणि घरात पापडांचं काम, एवढंच त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. मुलीचं जरा स्थिरावलं की तिला घेऊन पाच नंबरच्या गल्ल्या पालथ्या घालीन. अम्मा सांगतील ते करीन. पापड लाटीन, आणि यजमानांना पुन्हा कधी दवाखान्यात राहावं लागलं तर अम्मांना घरी झोपायला पाठवून त्यांच्या उशाशी मी बसेन. आज नाही जमलं तरी कधीतरी हे फेडीनच.