चमकीकडची बाजू

शालूला हडपसरचा बाजार पाठ होता. कुठली भाजीवाली काटा मारते, कुठल्या गल्लीत खड्डा आहे, सगळं पाठ. मोटरसायकल तर ती लग्नाआधीपासून चालवत आलेली, बापाच्या उसाच्या बांधावरून. फक्त तिला डावं-उजवं कळत नव्हतं. हसू नका! घरोघरी असं एखादं माणूस असतं, कबूल करत नाही इतकंच.

त्याचं झालं असं की शालू जन्माची डावरी. घास घ्यायला डावा हात पुढे गेला की आई लाटणं घालायची. "डावा हात मागं! सासरी शेण घालतील तोंडात. हा बघ, हा उजवा, हा जेवायचा हात." आता शालूचा जेवायला निघणारा हात दुसराच. मग जेवायचा हात कुठला आणि उजवा कुठला, ह्याचा तिच्या डोक्यात जो गुंता झाला तो झालाच. ती उजव्या हातानं जेवायला शिकली, पण कुणी "डावीकडं बघ" म्हटलं की आजही आधी थबकायची आणि मग हमखास उलट बघायची.

तसं काही अडत नव्हतं. पण सासऱ्यांच्या उसाच्या जागी आयटी पार्क उभा राहिला आणि शालूनं तिथल्या पोरापोरींना जेवणाचे डबे सुरू केले. नवरा, साईनाथ, ते पोचवायचा. मग त्याच्या खांद्यानं दगा दिला, हँडल पेलेना. शालूनं पदर खोचला, मोटरसायकलला पिशव्या अडकवल्या आणि निघाली. काही दिवस बरं चाललं. मग एके दिवशी गेटवरच्या सुपरवायझरनं हात आडवा केला.

"मावशी, लायसन?"

"डबे हायेत की."

"डब्यांवर गाडी चालत नाही. ह्या महिन्यात शिकाऊ तरी आणून दाखवा, नाहीतर दुसरा डबेवाला बघतील."

दुसरा डबेवाला! त्या डब्यांवर घर चालत होतंच, पण आयुष्यात पहिल्यांदा "शालूताईंचा डबा" असं कुणी म्हणत होतं. ते कसं सोडायचं?

मग घरात अभ्यास सुरू झाला. लेक निशा कॉलेजात शिकणारी, ती मास्तरीण झाली.

"आई, सिग्नल पिवळा झाला तर काय करशील?"

"जोरात काढायची. नाहीतर मागचा शिव्या देतो."

"थांबायचं, आई! रस्त्यावर काय करतात ते विचारलेलं नाही, काय करायला पाहिजे ते विचारलंय."

"मग रस्त्यावर का न्हाई करत?"

निशानं कपाळावर हात मारला. पुण्यात ह्या प्रश्नाला उत्तर नाही, तुम्हालाही ठाऊक आहे.

तेही एक वेळ जमलं. खरी पंचाईत बाणांच्या पाट्यांची. डावं वळण, उजवं वळण, डावीकडे वळण्यास मनाई. एकेक चित्र बघून शालूच्या डोक्याचं भजं व्हायला लागलं. शेवटी साईनाथच म्हणाला, "अगं, नाकातली चमकी कुठल्या बाजूला आहे?"

शालूनं नाक चाचपलं. "ह्या."

"ती डावी. बाण चमकीकडं असला तर डावं वळण. संपलं!"

काय डोकं चाललं बघा गड्याचं! शालू आरशापुढे बसली. निशानं पाटी दाखवली की ती आरशात बघायची. हात लावला त्याच अंगाला आरशातही चमकी लकाकायची. एकही उत्तर चुकेना. घरादाराला वाटलं, जिंकलं.

परीक्षेच्या दिवशी आरटीओत तिचा फोटो काढला आणि संगणकापुढे बसवलं. पंधरातले नऊ बरोबर आले की पास. शालूनं वर पाहिलं तर पडद्याच्या कोपऱ्यात तिचाच फोटो, चमकी ठसठशीत. देवच पावला म्हणायचा! पहिलाच प्रश्न बाणाचा. बाण फोटोतल्या चमकीकडे वळलेला. तिनं ऐटीत "डावे वळण" दाबलं.

चूक.

दुसरा बाणही चूक. तिनं नाकाला हात लावला. चमकी ह्या बाजूला. फोटोत बघितलं, चमकी त्या बाजूला! अगं बाई, हे कसं? नाकातली खरी की पडद्यावरची? घरचा आरसा तर असा उलटला नव्हता. आणि सरकारी फोटो खोटा कसा असेल? फोटोतलं माणूस आपल्याकडे तोंड करून बसतं, म्हणून त्याची बाजू फिरते, हे तिला तिथं कोण सांगणार? मधले सिग्नलचे, हॉर्नचे प्रश्न तिनं नीट सोडवले, पण बाण आला की सगळं गरगरायचं. बघता बघता सहा चुका झाल्या. आता एकही चूक परवडणारी नव्हती, आणि शेवटच्या प्रश्नात पुन्हा बाणच.

रडू फुटायच्या बेतात होतं. गडबडीत तिचा एक हात बटणाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा आपला आपण मागे आला.

शालू त्या हाताकडे बघतच राहिली. कुणी ओरडलं नव्हतं. लाटणं नव्हतं. आईला जाऊनही वर्षं झाली होती. तरी पुढे जाऊन मागे येणारा हात हाच, नेहमी हाच. डावा हात मागं!

"हाच की गं डावा," ती स्वतःशीच पुटपुटली. बाण त्या हाताच्या बाजूला वळलेला होता. तिनं त्याच हातानं "डावे वळण" दाबलं.

बाहेर साईनाथ गाडीपाशी उभा होता. "काय झालं?"

"पास!" शालू म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बसा मागं. शिकाऊला लायसनवाला सोबत लागतो."

वाटेत तो सवयीनं म्हणाला, "पुढच्या चौकात चमकीकडं घे गं."

"डावीकडं म्हणा. कळतं मला."

रात्री ताटं मांडली. शालूनं भात वाढायला हात पुढे केला आणि क्षणभर थबकली. मग तिनं भातवाढी डाव्या हातात घेतली. डाव्या हातानं वाढलेलं आपल्याकडे कुणी घेत नाही. निशा आईकडे बघत राहिली.

साईनाथनं ताट पुढे केलं, आणि भात पडल्यावर म्हणाला, "अजून थोडा वाढ."