चाकांना खोबरेल

“चाकं तिला द्या. बोलत नाही म्हणजे हात चालत असणार.”

हे समोरच्या काकू म्हणाल्या. मी आमच्या सेफ्टी डोअरच्या जाळीआड चप्पल शोधत होते आणि बाहेर पॅसेजमध्ये तिसऱ्या मजल्याची मीटिंग चालली होती. मीटिंग म्हणजे समोरच्या काकू, बाजूच्या बेन आणि माझे पप्पा. ‘ती’ म्हणजे मी. चप्पल सापडली होती, पण आता बाहेर जाणं शक्य नव्हतं.

“पण तिला जमेल का?” पप्पांनी विचारलं. स्वतःच्या मुलीबद्दल.

“जमेगा, जमेगा,” बेन म्हणाल्या. “इंग्लिश मीडियमची मुलगी आहे. मोबाईलवर बघून करेल.”

अशा रीतीने मला चाकांचं खातं मिळालं.

भाईंदर पूर्वेतल्या आमच्या सोसायटीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असतो आणि पूजेनंतर पार्किंगमध्ये खेळ. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, ठरलेलं सगळं. यंदा कमिटीतल्या एका आजोबांनी परदेशातल्या नातवाचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला आणि लाकडी गाड्यांची शर्यत ठरली. पेणकरपाड्यातल्या एका वखारीतून आणलेला एकेक ठोकळा, चार लाकडी चकत्या आणि चार खिळे असं सामान प्रत्येक मजल्याला मिळालं. गाडीला इंजिन नाही, सेल नाही आणि ढकलायचंही नाही. तिरक्या लावलेल्या प्लायवूडच्या वरच्या टोकाला धरायची आणि सोडून द्यायची. जी खाली आधी पोचेल ती जिंकली.

आमची गाडी दुसरी आली, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

पप्पांनी ठोकळ्याला गाडीचा आकार दिला, म्हणजे वापरलेल्या साबणासारखा. बेननी तो लाल रंगवला. चाकं माझ्याकडे आली आणि मला ती मनापासून करावीशी वाटली. कॉलेज संपल्यापासून मी जे काही करत होते ते सगळं लॅपटॉपच्या आतच राहत होतं. हे हातात धरता येत होतं. शिवाय या मजल्याने आजवर माझ्यावर काहीही सोपवलेलं नव्हतं, साधी रांगोळीसुद्धा नाही.

मी खिळे पॉलिश पेपरने घासले. मग शिसपेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडून त्याची काळी, मऊ पूड केली. मोबाईलवर शोधलेल्या व्हिडिओतला माणूस ठासून सांगत होता की लाकडी चाकाला ओलं काही लावायचं नाही, लाकूड ते पितं आणि फुगतं. ही कोरडी पूड चाकाच्या भोकात भरायची, चाक फिरवायचं, पुन्हा भरायची. आधी चाक खरखरलं. मग नुसतं कुजबुजलं. शेवटी फिरताना काहीच बोलेना. मला ते चाक फार जवळचं वाटलं.

रंगाचा वास जावा म्हणून गाडी पॅसेजमध्ये आमच्या चपलांच्या रॅकवर ठेवली. तिथेच गडबड झाली, आणि त्या गडबडीला माझी मान कारणीभूत होती.

कुणी काही सांगितलं की मी मान हलवते. माझ्या बाजूने त्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो. समोरचा माणूस तो ‘चालेल’ असा घेतो. खुलासा करायचा तर वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मराठीत येतं, मग ते बरोबर आहे का हे मी तपासते, आणि तोवर माणूस जिन्यापर्यंत पोचलेला असतो. काकूंसमोर तर मी शाळेत असल्यापासून मान हलवत आलेय. “केस बघ, नुसता काथ्या! ये घरी, तेल लावून डोकं चोळून देते.” मी मान हलवते आणि जात नाही. त्या रत्नागिरीच्या आहेत, खोबरेल गावाहून येतं, आणि माझे केस हा त्यांना स्वतःचा पराभव वाटतो.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी आधी पप्पा कॅरमची पावडर घेऊन आले. “सोंगटी कशी सटकते बघितलंस ना? टाकू थोडी?”

मी मान हलवली.

मग बेन आल्या, शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन. “बेटा, माझी मशीन बघ, एकदम मख्खन. टाकते हां?”

मी मान हलवली.

शेवटी काकू. हातात खोबरेलाची बाटली. “दोन दोन थेंब गो. अडलेलं काहीही खोबरेलाने सुटतं. बोटातली अंगठी, दाराची बिजागरी, आमची जाऊ…”

“जाऊ?” पप्पांनी आतून विचारलं.

“वर्षभर अबोला धरला होता मेलीने. एकदा डोकं चोळून दिलं, लागली घडाघडा बोलायला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मानेचं काय झालं ते सांगायला नको.

सव्वीसच्या सकाळी चाकं फिरेनात. भाईंदरची थंडी म्हणजे बेनना स्वेटर बाहेर काढायला निमित्त, पण खोबरेलाला तेवढी पुरते. त्या वेळी मजल्यावरच्या प्रत्येक बाथरूममध्ये खोबरेलाची बाटली गरम पाण्याच्या मगात उभी होती. तरीही आदल्या संध्याकाळी कुणाच्या डोक्यात आलं नाही की जे बाटलीत थिजतं ते चाकातही थिजेल. तळाला माझं शिसं, त्यावर कॅरमची पावडर, त्यावर मशीनचं तेल आणि सगळ्यांवर पांढरंशुभ्र खोबरेल. ताटात थापलं असतं तर वड्या पडल्या असत्या.

पुन्हा मीटिंग भरली.

“पावडर कोणी टाकली?” काकूंनी विचारलं.

“पावडरचं काय घेऊन बसलात? तेल बघा आधी,” पप्पा म्हणाले.

“मैं तो पूछ के डाली!” बेन म्हणाल्या.

“आम्हीपण तिला विचारूनच टाकलं,” बाकीचे दोघे एकदम म्हणाले.

आणि ते खरं होतं. तिघांनीही विचारलं होतं.

मी गाडी उचलली आणि आमच्या बाल्कनीत नेली. खाली स्पीकरवर कथा सुरू झाली होती. साधुवाण्याची नौका संकटात होती तेव्हा मी खिळे उपसले. नौका मार्गाला लागली तेव्हा पप्पांचा जुना बनियन आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या यांनी भोकं पुसून कोरडी केली होती. मग पुन्हा ब्लेड, पुन्हा पेन्सिल. आरती संपेपर्यंत चाकं पुन्हा गप्प झाली. पहिल्याइतकी नाही, लाकडाने थोडं तेल पिऊन घेतलं होतंच, पण फिरत होती. माझी बोटं मात्र अशी काळी की प्रसाद देताना काकू म्हणाल्या, “हात काय कोळशात घातले होतेस?” मी मान हलवली.

फळीपाशी गर्दी होती. दर वर्षीचे सगळे खेळ चौथा मजला जिंकतो, त्यामुळे तो आधीच हसत होता. मी आमची गाडी वरच्या टोकाला धरून उभी राहिले. सेक्रेटरी काका माईक घेऊन एकेका मजल्याला विचारत येत होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत काकू आल्या. पदराने धरलेली स्टीलची वाटी, आणि वाटीतून वाफा.

“आता नाही थिजायचं,” त्या म्हणाल्या. “गॅसवर वितळवून आणलंय.”

त्यांच्या बाजूने हिशेब अगदी चोख होता. चूक थंडीची होती आणि त्यांनी ती दुरुस्त केली होती. त्या चाकांवर वाकल्या, बोट वाटीत बुडवलं आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. त्या विचारल्याशिवाय कधीच काही करत नाहीत.

माझी मान हलायला निघाली. मी ती धरून ठेवली. काकूंच्या बोटाच्या टोकाला थेंब गोळा होत होता. नेमके तेव्हाच सेक्रेटरी काका माझ्यापाशी पोचले, “तिसरा मजला, रेडी?” म्हणाले आणि माईक माझ्या तोंडासमोर धरला. वाक्य इंग्रजीत तयार करायला वेळ नव्हता. पार्किंगभर, पार गेटवरच्या वॉचमनपर्यंत, स्पीकरमधून माझाच आवाज गेला:

“काकू, ते तेल माझ्या डोक्याला लावा, पण चाकांना हात लावू नका!”